विंचवाचे औषध आणि संदर्भांची मोजदाद



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या गुरुजींचा एक प्रश्न या शाळेच्या अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. भूमितीचा सिद्धांत असो, इतिहासातील सनावळी असो किंवा वर्गात एखाद्याने सांगितलेली बातमी असो, गुरुजी चष्म्यावरून पाहत आणि एवढेच विचारीत, "कशावरून?" आजच्या विषयाचा उगम त्या एका शब्दात आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. अमुक डॉक्टर मोठे संशोधक आहेत, हे वाक्य तेथे रोज कानी पडे. कशावरून, असे विचारले तर पूर्वी लोक पदव्या आणि सत्कार सांगत. अलीकडे ते एक आकडा सांगतात. या संशोधकाचे इतके निबंध प्रसिद्ध झाले, त्यांचा इतर निबंधांत इतक्या हजार वेळा उल्लेख झाला, वगैरे. हा आकडा येतो कोठून, तो काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही, हे मी एका मराठी डॉक्टरांच्या कामाच्या आधारे सांगणार आहे.

बुऱ्हाणपूरसारख्या गावाला या चर्चेचे काय प्रयोजन, अशी शंका कोणाच्या मनात येईल. आपल्या शाळेची मुले इंदूरला, जळगावला, नागपूरला वैद्यकाचे शिक्षण घेण्यास जातात. त्यांतली काही पुढे अध्यापक होतात आणि त्यांची बढती या आकड्यांवर अडते. दुसरे असे की, आपण सतपुड्याच्या पायथ्याशी राहतो. दगडाखाली, लाकडाच्या मोळीत, विटांच्या ढिगात किंवा रात्रभर बाहेर राहिलेल्या पायताणात काय दडलेले असते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. ज्या डॉक्टरांविषयी मी बोलणार आहे, त्यांनी आपले आयुष्य त्याच प्राण्याच्या विषामागे घालवले.

प्रथम संदर्भोल्लेख म्हणजे काय, ते पाहू. शोधनिबंध लिहिणारा माणूस आपल्या आधी त्या विषयावर कोणी काय लिहिले, याचा निर्देश करतो आणि निबंधाच्या शेवटी त्यांची यादी देतो. हा एक प्रकारे ऋणनिर्देश असतो. ही यादी मागे पाहते. १९९५ च्या निबंधात १९८६ चा निबंध सापडेल, पण १९८६ चा निबंध हातात घेऊन, "याचा पुढे कोणी उपयोग केला?" असे विचारल्यास त्यात उत्तर मिळणार नाही. या उलट दिशेच्या प्रश्नाची सोय वकिलांनी आधी केली होती. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड नावाच्या गृहस्थांची सूची निघू लागली. एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यांनी घेतला आणि कोणत्या निवाड्यांनी तो फिरवला, हे तीत पाहता येई. त्यावरून स्फूर्ती घेऊन यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात शास्त्रीय लेखनासाठी अशाच सूचीची कल्पना मांडली आणि पुढे फिलाडेल्फिया येथे त्यासाठी संस्था उभारली. त्यांच्या पहिल्या सूचीत १९६१ या एका वर्षातील ६१३ नियतकालिकांमधले सुमारे १४ लाख उल्लेख नोंदवलेले होते.

या सूचीचे खंड ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना तिचा बारीक टाइप आणि पातळ कागद आठवत असेल. एका नावाखाली वर्षानुसार निबंध आणि प्रत्येक निबंधाखाली त्याचा उल्लेख करणाऱ्यांची नावे. भिंग घेऊन बसावे लागे. आमच्याकडे त्या काळी दुसरेही एक मोजमाप होते, ते कोणत्याही सूचीत आले नाही. परदेशी नियतकालिके समुद्रमार्गे येत आणि कित्येक ग्रंथालयांत येतच नसत. म्हणून डॉक्टर मंडळी मूळ लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवून लेखाची सुटी प्रत मागवीत. कोणाच्या टेबलावर अशी किती कार्डे येऊन पडली, यावरून त्याच्या लेखाला मागणी किती, हे समजे. ही कार्डे पाठवणारे पुष्कळसे लोक पुढे काही लिहिणारे नसत. ते रोगी तपासणारे असत. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता मुख्य कथेकडे वळतो. डॉ. हिंमतराव साळुबा बावसकर हे जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९७६ साली रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंश ही नित्याची गोष्ट. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर उठतो तो लहानसर लाल विंचू. दंश झालेली धडधाकट माणसे आणि त्यांहून अधिक मुले, काही तासांत धाप लागून, तोंडाला फेस येऊन दगावत. त्या काळी अशा रोग्याला ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीविरोधी औषधे असे मिळेल ते दिले जाई. क्रमिक पुस्तकांत या दंशासाठी जेमतेम काही ओळी असत.

बावसकरांनी केलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. ते रोग्यापाशी बसून राहिले आणि जे दिसले ते क्रमाने टिपत गेले. ज्या रोग्याचे हृदय पुढे बिघडते, त्याला आरंभी उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि पुरुष रोग्यांत शिश्न ताठरते. अर्थात धाप लागण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळालेली असते. १९७७ साली 'इंडियन हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी विंचूदंश आणि हृदयविकार यांविषयी टिपण प्रसिद्ध केले. १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये या पूर्वसूचक लक्षणांवरचा त्यांचा निबंध आला. त्या निबंधावर लेखक म्हणून एकच नाव आहे. ज्या नियतकालिकात मोठमोठ्या विद्यापीठांचे विभाग आपला निबंध छापून यावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट करतात, त्यात कोकणातील ग्रामीण रोग्यांवरची निरीक्षणे आली, ही गोष्ट त्या काळी किती दुर्मिळ होती, याची कल्पना आज यायची नाही.

विष करते काय? मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडून मिटली पाहिजेत. लाल विंचवाच्या विषातील काही घटक ती मिटू देत नाहीत. तंतू पेटल्यासारखे संदेश धाडत राहतात आणि शरीरात ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. रोगी अक्षरशः आतल्या आत बुडतो. रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध येथे लागू पडण्यासारखे होते. पण ते शिरेवाटे थेंबाथेंबाने द्यायचे आणि क्षणोक्षणी रक्तदाब पाहायचा. आरोग्य केंद्रात हे कोण करणार? बावसकरांनी प्राझोसिन निवडले. ही रक्तदाबाची तोंडाने घेण्याची गोळी, स्वस्त आणि खेड्यात ठेवता येणारी. ॲड्रेनॅलिनची द्रव्ये रक्तवाहिनीवरच्या ज्या जागी जाऊन बसतात, ती जागाच ती अडवून धरते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा या उपचारावरील लेख १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत, ते प्रमाण या उपचारानंतर एक टक्क्याच्या आसपास आले, असे बावसकर सांगत आले आहेत. पुढे महाडमध्ये स्वतःचे रुग्णालय चालवीत त्यांनी हे काम सुरू ठेवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता गुरुजींचा प्रश्न विचारू. हे काम मोठे, कशावरून? उल्लेखांची सूची उघडून पाहिली तर काय दिसते?

लाल विंचवाच्या विषावर दुसरेही एक प्रसिद्ध काम आहे. अमेरिकेतील मर्क या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विंचवाच्या विषातून एक प्रथिन वेगळे काढले आणि १९९० साली ते प्रसिद्ध केले. त्याला आयबेरिओटॉक्सिन म्हणतात. पेशींवर पोटॅशियमचे कण बाहेर सोडणारी जी अनेक प्रकारची दारे असतात, त्यांतले एक विशिष्ट दार हे प्रथिन नेमके बंद करते. त्यामुळे रक्तवाहिन्या, मूत्राशय, श्वासनलिका, मेंदू, कशावरही प्रयोग करणाऱ्यांना ते एखाद्या हत्यारासारखे उपयोगी पडू लागले. जगभरच्या प्रयोगशाळा ते बाटलीबंद विकत घेतात. ज्यांनी आयुष्यात विंचू पाहिलेला नाही, असे लोकही त्या निबंधाचा उल्लेख करतात आणि त्यांनी तो करणे योग्यच आहे.

एकाच विंचवाचे हे दोन निबंध. प्रयोगशाळेतील हत्यार देणारा निबंध उल्लेखांत पुढे जाणार, हे ठरलेलेच आहे. त्याचे वाचक लिहिणारे लोक आहेत. ते दरवर्षी निबंध प्रसिद्ध करतात, त्यांची नोकरी त्यावर अवलंबून असते. उलट प्राझोसिनच्या लेखाचा खरा वाचक कोण? तालुक्याच्या दवाखान्यात रात्री अकरा वाजता बैलगाडीतून उतरवलेल्या मुलाकडे पाहणारा डॉक्टर. तो गोळी देतो, मूल जगते, सकाळी घरी जाते. या सर्व व्यवहारात कोठेही शोधनिबंध लिहिला जात नाही. लिहिला गेला नाही, म्हणून उल्लेख नाही आणि उल्लेख नाही, म्हणून मोजणी नाही.

आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण घ्या. सतराव्या शतकाच्या आरंभी सतपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले गेले. वाटेत उजेड-वाऱ्यासाठी आणि साफसफाईसाठी ठरावीक अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या ठेवल्या. वरून चालणाऱ्याला कुंड्यांची तोंडे दिसतात, ती मोजता येतात. मधला प्रवाह दिसत नाही आणि शहरात कोणत्या घरी ते पाणी भरले गेले, हे तर कुंड्या मोजून कधीच कळणार नाही. तरी कुंड्या मोजणे निरर्थक नाही. बोगदा कोणीकडे गेला, हे त्यांवरूनच समजते. संदर्भसूचीची उपयुक्तता मी याच अर्थाने मानतो. ज्ञान कोणत्या दिशेने गेले, याचा ती माग देते. गारफील्ड यांना मुळात हेच अभिप्रेत होते. माणसांना गुणानुक्रम लावण्याचा उद्योग मागाहून जोडला गेला.

उल्लेख उशिरा येतात, ही आणखी एक अडचण. याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीच्या जंतूची ओळख पक्की केली. पण हा जंतू माणसाच्या शरीरातील पाणी काही तासांत कसे ओढून काढतो, हे पुढची सत्तर वर्षे नीट उमगले नव्हते. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधला, त्यात पटकीचे जंतू सोडले आणि दाखवले की, तो तुकडा पाण्याने टरारून फुगतो. हे काम १९५३ साली प्रसिद्ध झाले. १९५९ साली 'नेचर'मधील छोट्या निबंधात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जंतू गाळून काढून टाकलेला नुसता द्रवही हाच परिणाम करतो. म्हणजे जंतू एक विष बाहेर सोडतो आणि ते आतड्यावर काम करते. आज हे वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. त्या वेळी मात्र या निबंधाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. पुढे हे विष शुद्ध स्वरूपात हाती आल्यावर, १९७० नंतर, उल्लेखांचा ओघ वाढला. १९७८ साली पटकीवरील नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले. १९८५ साली ते वारले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नव्हते. आणि योगायोग पाहा, त्यांच्या निधनानंतर १९८६ साली त्यांच्या कामाच्या प्रभावाचा सविस्तर आलेख मांडणारा लेख लिहिला, तो दुसऱ्या कोणी नव्हे, यूजीन गारफील्ड यांनी. म्हणजे येथे आकड्यांनीच न्याय दिला, फक्त तो घ्यायला माणूस उरला नव्हता.

काही शोध याच्या उलट वाटेने जातात. ते इतके सर्वमान्य होतात की, त्यांचा उल्लेख करण्याची गरज कोणाला भासत नाही. १९५२ साली मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी, इंग्लंडमधील तज्ज्ञांसह, 'लॅन्सेट'मध्ये एका अनोख्या रक्तगटाची नोंद केली. 'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते अशी समजूत होती. या लोकांना तेही चालत नाही, कारण इतर सर्वांच्या रक्तकणांवर असणारा 'एच' हा मूळ घटकच त्यांच्या रक्तकणांवर नसतो. या गटाला सारे जग 'बॉम्बे' रक्तगट म्हणते. रक्तपेढीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. परंतु त्याविषयी लिहिताना मूळ निबंधाचा उल्लेख करणारे आता थोडेच. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी या प्रकाराला नाव दिले, त्याचा आशय असा की, शोध ज्ञानात इतका विरघळतो की, शोधकाचे नाव पुसले जाते. शहराचे नाव राहिले, हेही काही कमी नाही म्हणा.

या मोजणीचे पुढे काय झाले, ते आता थोडक्यात सांगतो, कारण माजी विद्यार्थ्यांपैकी जे महाविद्यालयांत आहेत त्यांना ते अधिक जाचते. १९७५ पासून नियतकालिकांचा 'प्रभावांक' प्रसिद्ध होऊ लागला. एखाद्या नियतकालिकाने दोन वर्षांत २०० लेख छापले आणि तिसऱ्या वर्षी त्यांचे एकूण ६०० उल्लेख झाले, तर प्रभावांक तीन. ही सरासरी आहे. त्या २०० पैकी चार-पाच लेखांनी बहुतेक उल्लेख आणलेले असू शकतात आणि उरलेल्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलेले नसते. तरीही नियतकालिकाचा अंक लेखकाच्या कपाळी चिकटवला जातो. नंतर २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी 'एच-निर्देशांक' सुचवला. ज्याचे दहा निबंध प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेखिले गेले, त्याचा निर्देशांक दहा. हे माप सातत्य चांगले दाखवते. पण एका संशोधकाचे तीनच निबंध असून प्रत्येकाचे २०० उल्लेख असले, तर त्याला मिळतात तीन, आणि दुसऱ्याचे वीस निबंध प्रत्येकी वीस वेळा उल्लेखिले गेले, तर त्याला मिळतात वीस. थोडे पण मूलगामी लिहिणाऱ्यावर हे माप मेहेरबान नाही.

आपल्याकडे याला सरकारी नियमांची जोड मिळाली. भारतीय वैद्यक परिषदेने वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध आवश्यक केले आणि २०१५ च्या परिपत्रकात पहिल्या दोनच लेखकांना श्रेय मिळेल, तसेच केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके धरली जाणार नाहीत, असे ठरवले. यावर बरीच टीका झाली आणि २०२० साली हे नियम सैल करण्यात आले. त्याच वर्षी परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोगही आला. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. दिल्लीचे शल्यचिकित्सक डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांचा २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ३३२ संस्थांतून, म्हणजे सत्तावन्न टक्क्यांहून अधिक संस्थांतून, एकही निबंध प्रसिद्ध झालेला नव्हता. वर्षाला शंभरांहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५. ही स्थिती लाजिरवाणी आहे. परंतु सक्तीने निबंध वाढतात, संशोधन वाढतेच असे नाही. बढतीच्या अर्जाची तारीख जवळ आली की पैसे घेऊन, न तपासता, पंधरा दिवसांत लेख छापणारी नियतकालिके याच सक्तीवर पोसली गेली. अशा लेखांच्या याद्या मी स्वतः अर्जांना जोडलेल्या पाहिल्या आहेत. काहींची शीर्षके वाचूनच पुढे वाचवत नसे.

मग एखाद्याची निबंधांची यादी हाती आली, तर ती वाचावी कशी? मी तरी आकडा शेवटी पाहतो. आधी पाहतो की, या माणसाने एका प्रश्नाचा किती काळ पाठपुरावा केला. बावसकरांच्या यादीत १९७७, १९८२, १९८६ अशी एकाच दंशाची वाट दिसते. मग पाहतो, उल्लेख करणारे कोण आहेत. स्वतःचाच उल्लेख स्वतः करणे हा दोष मानतात, पण ज्या विषयावर देशात मोजकीच माणसे काम करतात, तेथे स्वतःच्या आधीच्या कामाचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नसते. आणि शेवटी, उल्लेख संमतीचा आहे की विरोधाचा, हे तो उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. सूचीत दोन्ही सारखेच मोजले जातात.

या शेवटच्या मुद्द्याला विंचवाच्या कथेतच पुरावा आहे. प्राझोसिनचा उपचार रूढ झाला, पण तो चिठ्ठ्या टाकून दोन गट करून, तुलना करून सिद्ध झालेला नव्हता, असा आक्षेप घेता येण्याजोगा होता. दुसरीकडे मुंबईच्या हाफकिन महामंडळाने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले होते. कोकणातच डॉ. विवेक नातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वापरून, त्याचे परिणाम चांगले असल्याचे प्रसिद्ध केले. प्राझोसिन विषाच्या परिणामाला अडवते, प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषालाच बांधून टाकते. प्रश्न असा उभा राहिला की, पंचवीस वर्षे ज्या गोळीने माणसे वाचवली, ती एकटी पुरेशी आहे का?

अशा वेळी स्वतःच्या कीर्तीचा आधार असलेल्या उपचाराची बाजू घेऊन भांडणारे विद्वान मी पुष्कळ पाहिले. बावसकर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात त्याची परीक्षा घेतली. दंशाची लक्षणे अंगभर पसरलेल्या ७० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले, प्रत्येकी ३५. एका गटाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनंतर ज्यांची लक्षणे पूर्ण मावळली, असे रोगी दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ३२ निघाले आणि केवळ प्राझोसिनच्या गटात आठ. अभ्यासात मर्यादा होत्या. कोणाला काय दिले, हे डॉक्टरांना आणि रोग्यांना माहीत होते, आणि सारे रोगी एकाच रुग्णालयातील होते. निबंधाच्या शीर्षकातच हा उघड अभ्यास असल्याचे नमूद आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तो २०११ साली प्रसिद्ध केला. तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. आपल्या शाळेच्या संगणक कक्षातून तो उघडल्यास पहिल्याच पानावर लेखकांच्या नावांखाली महाड, जिल्हा रायगड, असा पत्ता दिसेल.